पिवळ्या सुईवरचा दिवा

बाई,

तुमची ती पिवळी सुई उंदराने नेली नव्हती. मी नेली होती. एवढं लिहिलं आणि हात हलका झाला, आता बाकीचं सावकाश लिहिते. चौथी शिकलेली बाई मी, त्यात हाताला आता थोडा कंप आहे, त्यामुळे अक्षर कसं यायचं तसं येईल. तुम्ही असतात तर लाल पेन काढून बसला असतात. नाही आहात, तर वाकडं अक्षर चालवून घ्या.

तुम्हाला आठवत नसेल तर सांगते. विणकामाची प्लास्टिकची सुई होती, वीतभर. तिच्या टोकाला वायरमनच्या टेस्टरमधला तो शेंगदाण्याएवढा काचेचा दिवा तुम्ही काळ्या दोऱ्याने गुंडाळून पक्का बसवला होता. ना वायर, ना सेल. वागळे इस्टेटमधलं आपलं ते पत्र्याचं वर्कशॉप, मच्छीमारांच्या बोटींवरच्या वायरलेसची एरियल बनवायचं. आम्ही नऊ बायका आणि आमच्यावर तुम्ही. तुम्ही डोंबिवलीच्या, रेडिओचा कोर्स पास केलेल्या, लग्न न केलेल्या, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द इस्त्री करून बाहेर यायचा. मी कळव्याच्या पलीकडची, मिठागरावर बापाबरोबर पाय भाजून मोठी झालेली. पहिल्याच दिवशी तुम्ही मला विचारलंत, वाचता येतं का? मी म्हटलं, येतं, पण वाचण्यासारखं काय आहे इथे? बाकीच्या आठ जणी खाली मान घालून हसल्या. तुम्ही हसला नाहीत. मला व्हार्निशच्या टेबलावर बसवलंत.

त्या व्हार्निशचा वास अजून माझ्या नाकात येतो. तांब्याच्या तारेचं वेटोळं करायचं आणि त्यावर ब्रशने एक हात द्यायचा, पाण्यात मीठ गेलं तरी तार खराब होऊ नये म्हणून. सोपं वाटायचं. मी एक हात दिला, कुठे पातळ राहिलं असं वाटलं, म्हणून वरून दुसरा दिला. अर्धवट सुकलेल्यावर दुसरा हात बसला की ते गोळा होतं, सुरकुततं. तुम्ही ते वेटोळं उजेडाकडे धरलंत आणि म्हणालात, "अगं, गोठा सारवतेयस का?" मी म्हटलं, गोठा असता तर नीट सारवला असता. तुम्ही ते वेटोळं भंगाराच्या डब्यात टाकलंत, नवीन माझ्यासमोर ठेवलंत, माझं मनगट धरून ब्रश फिरवलात. एक हात, एकदाच, मागे फिरायचं नाही. चुकलं तर पुढच्याला सुधारायचं, ह्याला नाही. त्या दिवशी सतरा वेटोळी भंगारात गेली आणि अठरावं तुम्ही खिडकीत सुकायला ठेवलंत. शाबासकी वगैरे काही नाही. पण ते खिडकीत ठेवलंत, हे मी बघितलं.

पुढे मला टोकं घासायला दिलीत. दोन बाजूंना दोन हात पसरल्यासारखं एरियल असायचं, मधे जोड. त्या दोन्ही टोकांना कानस मारून ती बाळाच्या बोटासारखी गुळगुळीत करायची. दिवसाला शंभर-शंभर टोकं. माझी खात्री होती की ही उलट बोलल्याची शिक्षा आहे. एक दिवस कानस आपटली आणि विचारलं, समुद्रात कोण ही टोकं चाचपून बघणार आहे? मला वाटलं, आता घरी पाठवणार. तुम्ही उठलात, चाचणीच्या टेबलावर एरियल लावलंत, वायरलेसचा सेट चालू केलात, खिडकीवर पोत्याचा पडदा ओढलात आणि ती पिवळी सुई माझ्या हातात दिलीत. म्हणालात, जोडापाशी ने. मी नेली, दिवा मेलेला. सरकव टोकाकडे. मी सरकवते आहे, सरकवते आहे, आणि टोकापासून चार बोटांवर तो दिवा नारिंगी पेटतो. काही न लावता, कशाला न टेकता. निखाऱ्यावर फुंकर घातल्यासारखा. मी सुई मागे घेतली, विझला. पुढे नेली, पेटला. दुसऱ्या टोकाला, तिथेही. मधे पुन्हा अंधार. मी चाळीस वेळा तरी केलं असेल.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला शब्दाला शब्द आठवतं, कारण तुमच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. "गरम कुठे आहे ते बोटाला कळतं. जोर कुठे आहे ते ह्या दिव्याला कळतं. दोन्ही एकाच जागी असतीलच असं नाही." तार तापते ती मधे जोडापाशी, आणि जोर असतो टोकांना. टोकाला काटा राहिला तर तो जोर तिथून फुकट सांडतो आणि बोटीवरचा माणूस ओरडत राहतो, किनाऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून घास. मी घासली. त्यानंतर एकही टोक न घासता सोडलं नाही, हे मात्र माझ्या बाजूने लिहून ठेवा.

आता चोरीचं. घरी कोणाला कळत नव्हतं मी दिवसभर करते काय. सासू विचारायची, काय बनवता? मी सांगायचे, एरियल. म्हणजे काय? म्हणजे बोलणं हवेतून जातं ते. सासू म्हणायची, बोलणं तर तुझं असंच जातं, त्याला कारखाना कशाला. म्हणून त्या संध्याकाळी मी सुई पोलक्यात खोचली. एक रात्र घरी दाखवायची, सकाळी टेबलावर परत ठेवायची. घरी गेले, सासूला, नवऱ्याला समोर बसवलं, मोठ्या ऐटीत दार लावून घेतलं, सुई काढली आणि हवेत धरली. काही नाही. कोपऱ्यात नेली. खिडकीपाशी नेली. घरात रेडिओ होता, त्याच्या काठीला लावली. दिवा ढिम्म. बाई, मला वाटलं होतं उजेड सुईत आहे. तो सुईत नव्हता, चालू एरियलच्या भोवतीच्या हवेत होता, आणि ती हवा मी वागळे इस्टेटमध्ये सोडून आलेले. सासू म्हणाली, "उद्या येताना तिथला थोडा उजेड पण पिशवीत घालून आण." नवऱ्याला हसताना ठसका लागला. तेव्हापासून आमच्या घरात कोणी काही फुशारकी मारली की म्हणायचे, आईचा दिवा पेटला. माझा मुलगा ते ऐकत मोठा झाला. त्याच्या बायकोलासुद्धा लग्नानंतर आठवड्याभरात ही गोष्ट पाठ.

दुसऱ्या दिवशी सुई परत ठेवायची होती, पण लाजेने राहिली. पेटली असती तर हसत परत केली असती. न पेटलेली कुठल्या तोंडाने परत करू? तुम्ही टेबलाखाली वाकून शोधत होतात. मीच म्हटलं, उंदराने नेली असेल, प्लास्टिक खातात मेले. तुम्ही म्हणालात, "उंदीर विणकाम शिकायला लागला वाटतं." माझ्याकडे बघून म्हणालात की नाही, हे मला आजही सांगता येत नाही, कारण मी टोकं घासत होते. सोमवारी तुम्ही हिरव्या सुईवर नवा दिवा बांधून आणलात. नंतर जेवणाच्या सुट्टीत तुम्ही एक पिवळी आणि एक हिरवी अशा विजोड सुयांवर विणत बसायचात, आणि ते स्वेटर वाढताना दिसू नये म्हणून मी पाठ फिरवून जेवायचे. पण बोलले नाही. पुढे वर्कशॉप बंद झालं, आम्ही डोंबिवलीत राहायला आलो, आणि तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर असूनही मी तुमच्याकडे गेले नाही. तुम्ही गेल्याचं भाजीवालीकडून कळलं. सुई शिवणाच्या डब्यात बटणांखाली राहिली.

आता ऐका, कशासाठी लिहायला बसले ते.

माझी नात कल्याणला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जीभ माझ्यावर गेली आहे, डोकं कोणावर गेलंय देव जाणे. तिचा प्रोजेक्ट काय, तर अँटेनाभोवतीचा जोर डोळ्याला दिसला पाहिजे. आपण एरियल म्हणायचो, ती अँटेना म्हणते, वस्तू तीच. तिने कॉलेजमधून एक कॅमेरा आणला, काडेपेटीएवढा, फोनच्या खाली खोचायचा. तो उजेड बघत नाही, ऊब बघतो. गरम ते पिवळं-पांढरं, गार ते निळं-जांभळं. दोन दिवस घरात नुसता धिंगाणा. चहाचा कप बघ, मांजर बघ, आजीचं नाक बघ, नाक निळं. रविवारी माझा मुलगा म्हणाला, मी केव्हाचा उठलोय, पेपर वाचत होतो. पोरीने कॅमेरा त्याच्या पलंगावर धरला. गादीवर त्याचा अख्खा आकार पिवळाधमक, डोक्यापासून टाचेपर्यंत. सुनेने तो फोटो तिच्या बहिणीला पाठवला. इतक्या वर्षांत ह्या घरात कोणी मुलाला पकडलं नव्हतं ते यंत्राने पकडलं.

मग तिने मला तिची युक्ती समजावली. हवेतला जोर कॅमेऱ्याला दिसत नाही. पण अँटेनासमोर काळी पूड लावलेला पातळ कागद धरला, की थोडा जोर त्या कागदात मुरतो आणि तेवढ्या जागी कागद किंचित उबदार होतो. इतका किंचित की हाताला कळणार नाही, पण कॅमेऱ्याला कळतं. जिथे जोर जास्त तिथे कागद जास्त पिवळा. झालं चित्र. मी विचारलं, मग अडलंय कुठे? अडलं होतं कागदावर. पोरीने पतंगाच्या कागदावर ती काळी पूड डिंकात कालवून ब्रशने फासली होती, उभी, आडवी, वर पुन्हा उभी. चित्रात अँटेना दिसेना, तिचे ब्रशचे फटकारे तेवढे दिसत होते. मी कागद उजेडाकडे धरला आणि माझ्या तोंडून निघालं, अगं, गोठा सारवतेयस का? ती म्हणाली, आजी, गोठा कधी बघितलाय मी? उत्तर माझ्यापेक्षा बरं होतं, कबूल करते.

मी तांदळाची पातळ खळ शिजवली, कॉटनच्या साडीला करतो तशी, फडक्यातून गाळली, त्यात पूड घोटली आणि रुंद ब्रश घेतला. सून म्हणाली, ओटा काळा होईल. मी म्हटलं, धुवायला मी मेले नाही अजून. कंपामुळे पहिले तीन कागद गेले. चौथ्याला मनगट आपोआप वळलं. एक हात, एकदाच, मागे फिरायचं नाही. नात बघत होती. म्हणाली, आजी, इथे जरा पातळ राहिलंय, अजून एक मार ना. मी तिच्या हातावर फटका मारला. सुकल्यावर तो कागद पंख्याखाली वाळवलेल्या पापडासारखा, सगळीकडे एकाच जाडीचा आणि गुळगुळीत. तो घेऊन ती कॉलेजात गेली आणि संध्याकाळी जिन्यातूनच हाका मारत आली.

बाई, ते चित्र मी बघितलं. मधे गडद जांभळं, आणि दोन्ही टोकांना आधी केशरी, मग पिवळं, मग पांढरं, उजेडाचे दोन झुबके. मिठागरात पाणी आटायला लागलं की मधे पाणीच असतं आणि कडेला मीठ धरायला लागतं, तसं ते टोकांना धरलं होतं. मी जन्मभर तो जोर शेंगदाण्याएवढ्या दिव्याने ठिपका ठिपका बघितला, आणि इथे तो अख्खा एकदम बसलेला. मी म्हटलं, टोकं घासली आहेत ना? नात म्हणाली, तुला कसं माहीत टोकांना असतं? मी म्हटलं, तू तुझं चित्र बघ.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आली. तिच्या सरांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, खाली कोपऱ्यात हे काय? ती होती तिची चार बोटं, कागद धरलेली, पिवळीधमक. सर म्हणाले, बोटं दिसतात म्हणजे तुझा कागद कसलीही ऊब दाखवतो. सेट चालू केला की तार तापणार, तार तापली की कागद तापणार. ही ऊब तारेची नाही, हवेतल्या लहरींची आहे, हे कशावरून? शुक्रवारी दाखव, नाहीतर विषय बदल. माणूस वाईट नव्हता, प्रश्न रास्त होता. पण शेवटच्या वर्षाला विषय बदलणं म्हणजे पंगतीत वाढलेलं ताट उचलून पुन्हा चूल पेटवण्यासारखं. पोरगी रात्रीची जेवली नाही. मी तिला सांगितलं, शुक्रवारी मी येते. ती म्हणाली, "आजी, तू तिथे येऊन काय करणारेस, सरांशी भांडणार?" मी शिवणाचा डबा उघडला आणि बटणं बाजूला केली.

तिला सगळं सांगितलं, चोरी सोडून. ती म्हणाली, आत्ता लावून बघू. मी म्हटलं, घरी पेटत नाही तो. हे मी एकदा करून बघितलंय.

शुक्रवारी मी, नात आणि कागद-कॅमेऱ्याचं खोकं धरायला माझा मुलगा असे रिक्षाने निघालो. मुलाने सुई बघितली आणि गालात हसला. आईचा दिवा, असं तो म्हणाला नाही, पण हसला ते मला कळलं. मला खरी भीती वेगळीच होती. इतक्या वर्षांनी काच तडकली असेल, आतला वायू उडून गेला असेल, दोरा कुजला असेल. तुमचा दोरा कुजला नव्हता बाई. एक वेटोळंही ढिलं नव्हतं. कॉलेजात सरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मोठ्या माणसांशी बोलतात तसं जरा मोठ्याने बोलले. मी म्हटलं, ऐकू येतं मला, पडदे ओढा.

सेट चालू झाला. मी सुई आधी जोडापाशी नेली. तार तिथेच सगळ्यात गरम, हे कॅमेऱ्यातही दिसत होतं, तारेचं मधलंच पोट पिवळं. दिवा मेलेला. सर सभ्यपणे वाट बघत होते. मुलगा जमिनीकडे बघत होता. मी सरकवायला लागले. कंपामुळे सुई हलत होती, म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तुम्ही धरायचात तसं. अर्धी तार झाली, काही नाही. पाऊण झाली. आणि टोकापासून चार बोटांवर, तिथेच, त्याच जागी, तो पेटला. नारिंगी. मी मागे घेतली, विझला. पुढे नेली, पेटला. नातीने कागद लावला, कॅमेरा धरला, आणि जिथे माझा दिवा पेटत होता तिथेच तिचं चित्र पांढरं होत होतं. मी म्हटलं, गरम मधे आहे आणि जोर टोकांना आहे. कागद तारेने तापला असता तर मधे तापला असता. आणि हा दिवा उन्हात ठेवा, तव्यावर ठेवा, नाही पेटायचा. हा उबेला ओळखतच नाही.

सर पुढे आले, म्हणाले, "आजी, जरा मला द्या ना." आणि मग त्यांनी ते सुरू केलं, ह्या टोकाला, त्या टोकाला, मधे, पुन्हा ह्या टोकाला. शिकवणारा माणूस, चष्मा वगैरे, आणि मला तिथे वागळे इस्टेटमधली एकवीस वर्षांची मीच दिसायला लागले. चाळीस वेळा तरी केलं असेल त्यांनी. मुलगा माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, आई, हा तोच का गं? मी म्हटलं, तोच. तुझ्या आजीला आणि बापाला पहिल्या बाकावर बसवायला हवं होतं. दोघं घाई करून गेले.

विषय पास झाला. कॉलेजातून खाली उतरून आम्ही तिघांनी उभ्या उभ्या उसाचा रस प्यायला आणि मुलाने दुसरा ग्लास माझ्या हातात दिला, न विचारता.

आता शेवटचं. सरांनी सुई परत देताना विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या बाईंनी. ही सुई? मी म्हटलं, त्यांनीच दिली, आठवण म्हणून. तोंडातून गेलं. नातीने ते ऐकलं आणि तिच्या जाड्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर छापून टाकलं. सगळ्या सरांचे आभार मानलेत, आईबाबांचे मानलेत, आणि खाली, माझ्या आजीच्या बाई, ज्यांनी ही सुई तिला भेट दिली, त्यांचेही. छापण्याआधी मला वाचून दाखवलं होतं. तेव्हा खरं सांगून खोडता आलं असतं. मी म्हटलं, भेट दिली ह्याच्या आधी प्रेमाने असं घाल. तिने घातलं.

हे पत्र सुईबरोबर बटणांखाली ठेवते. रिपोर्टची प्रत माझ्या उशाशी आहे. ते पहिलं पान मी रोज एकदा वाचते, बाई, आणि खोटं आहे हे माहीत असून दर वेळी मला ते खरं वाटतं.